नागमोडी कात्रीची तिकिटं

जुन्नरच्या बाजारपेठेत जहाँआराचं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक बाकडं आणि दोरीवर टांगलेली ब्लाउजं. वायद्याच्या दिवशी कपडा देणारी गावात ती एकटीच, म्हणून मी तिच्याकडे जाते. मला ताटकळायला आवडत नाही, तिला ताटकळवायला आवडत नाही. जमलं आमचं.

तिचा भाऊ हमदान सौदीत दम्मामला नोकरीला. फोन स्वस्त झाले तरी तो पत्रं लिही, कारण ही त्याला फोनवरच दटावायची, "नुसतं बोलतोस काय? बोलण्याला तिकीट चिकटतं का?" पोस्टाच्या तिकिटांचा नाद तिला असा लागला.

आमच्या गावात तिकीट संग्राहकांचं मंडळ आहे. सात-आठ निवृत्त पुरुष आणि मी. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचं, पुण्याहून आणलेलं नवं तिकीट भिंगाखाली फिरवायचं आणि प्रत्येकानं मत द्यायचं. मत कसलं? "रंग बरे आहेत." अध्यक्ष बाजीराव एवढं म्हणाले की बाकीचे माना डोलावणार. वर्षानुवर्षं रंग आपले बरेच. त्या माना बघून मी विटले होते. २००६च्या दिवाळीनंतर जहाँआराला घेऊन गेले.

तिनं मोठ्या हौसेनं अल्बम उघडला. सगळी तिकिटं एका मापाची, कडा कशा कोऱ्या करकरीत. बाजीराव भिंग घेऊन वाकले ते वाकलेच.

"ह्याच्या कडेचे दाते कुठं गेले?"

"कापले की," जहाँआरा खुशीत म्हणाली. "लई वाकडेतिकडे होते. नागमोडी कात्रीनं सगळे सारखे केले."

कापडाचे नमुने शिंपी त्याच कात्रीनं कापतात, म्हणजे कडेचे दोरे सुटत नाहीत. तिला तिकीटही तसंच वाटलं होतं.

मंडळातले गेणभाऊ हसता हसता खोकायला लागले. "बाजीराव, तुमच्या कवळीलाबी एकदा कात्री मारून घ्या!"

बाजीराव हसले नाहीत. "दाते गेले की तिकीट मेलं. हे संग्रहात बसत न्हाई."

"हमदानच्या पहिल्या पत्रावरचं पण?"

"पहिलं काय नि शेवटचं काय!"

तिनं अल्बम मिटला. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाई, या लोकांत मी परत नाही बसणार."

"नको बसूस," मी म्हटलं. "पण माझं ब्लाउज शनिवारी हवं." समजूत घालणं मला जमत नाही, आणि तिला ती लागतही नाही.

जानेवारीच्या बैठकीत चंदनाच्या वासाचं नवं तिकीट आलं. सगळे नाकाला लावून बसले.

"हे चिकटवायचं का उगाळायचं?" गेणभाऊ.

"रंग बरे आहेत," बाजीराव म्हणाले. "वासबी बरा आहे."

तेवढ्यात दारात जहाँआरा. काखेत तोच अल्बम.

"आलीस कशी गं?" मी विचारलं.

"पहिलं ब्लाउज शिवलं तेव्हा दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या, बाई. म्हणून काय मशीन विकली?"

तिनं तिकीट हुंगलं, लांब धरून पाहिलं. "चित्र मला नाही आवडलं. उगी गप्प बसल्यासारखं आहे. वास झकास. पण तुम्ही तो प्लॅस्टिकात कोंडणार. मी हे दम्मामला पत्रावर लावणार."

"अहो, शिक्का बसंल त्यावर!" बाजीराव ओरडलेच.

"बसू द्या की. शिक्का नाही बसला तर तिकीट कुठं गेलं नि काय केलं?"

मग जी जुंपली! कोरं तिकीट खरं की वापरलेलं, यावर चहाच्या दोन्ही फेऱ्या गार झाल्या. गेणभाऊ जहाँआराच्या बाजूनं, पोस्टातून निवृत्त झालेले दोघे बाजीरावांच्या. मला तिचं सगळं पटलं असं नाही, चित्र चांगलंच होतं. पण त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी मत दिलं होतं.

उठताना ती म्हणाली, "मंडळ शाळेत प्रदर्शन भरवतंय ना, त्यात माझं पान लावा."

"कापलेल्या तिकिटांचं?"

"कापलेल्यांचंच."

बाजीराव कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत. तिनं पानाच्या मधोमध हमदानचं पहिलं तिकीट लावलं, शेजारी ती कात्री दोऱ्यानं बांधली आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मी केलं, तुम्ही करू नका." प्रदर्शनात बाकी टेबलांवर माश्या, हिच्यासमोर पोरींची झुंबड. तिथं भिंग घेऊन उभं कोण, तर बाजीराव! शेजारी अख्खं तिकीट धरून त्याचा एकेक दाता मोजून दाखवत होते. "ह्या बाईंनी पान लावलं म्हणून तुमाला कळतंय," असंही एकीला म्हणाले. मी ऐकलं.

पुढच्या बैठकीला गुलाबाच्या वासाची तिकिटं आली. बाजीरावांनी पाकीट उघडलं आणि न हुंगताच जहाँआराकडे सरकवलं.

"आधी तुमी बोला. आमचे रंग बरेच असत्यात."