कढीपत्त्यालाही थंडी वाजते

गेल्या भोगीच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, मालतीकाकू आपट्यांच्या कढीपत्त्यावर अन्याय झाला. ऑफिसची दोन माणसं आली आणि त्याच्यावरचं गोणपाट ओढून घेऊन गेली. कारण काय, तर दिल्लीहून इन्स्पेक्शन येणार आणि गोणपाट गबाळं दिसतं.

कलकत्त्याजवळच्या बराकपूरला आमच्या सरकारी कॉलनीतल्या बागा माझ्याकडे आहेत. मी हॉर्टिकल्चर असिस्टंट. म्हणजे झाड फुललं तर साहेबांचा सत्कार आणि मेलं तर मला मेमो. हा कढीपत्ता काकूंनी साताऱ्याहून मांडीवर रोप धरून आणलेला. इथल्या बाजारात कढीपत्ता मागितला की तेजपत्ता, म्हणजे आपलं तमालपत्र, हातात ठेवतात. त्यामुळे कॉलनीतल्या चारही मराठी घरांची फोडणी या एका झाडावर चालते.

संक्रांतीच्या सकाळी पाहिलं तर पानं लोंबलेली, कडा काळपट. याला आम्ही चिलिंग इंज्युरी म्हणतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. उष्ण हवेतल्या झाडाला नुसता गारठाही बाधतो. दिवसा तापलेली जमीन रात्री ऊब सोडते. वर पांघरूण असेल तर ती ऊब झाडापाशी राहते, नसेल तर उडून जाते. यात न कळण्यासारखं काहीच नाही.

मी तडक ऑफिसात, आमच्या दत्तसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. खिडक्या बंद, गळ्यात मफलर, डोक्यावर मंकी कॅप. चेहऱ्यातलं दिसत होतं ते फक्त नाक आणि चष्मा.

"मिस जोशी, कलकत्त्यात बर्फ पडतो का?"

"नाही सर."

"मग झाडांना कपडे कशाला?"

"मग आपण ही टोपी कशाला घातलीय?"

हेडक्लार्क खोकला. साहेब म्हणाले, "मला सर्दी होते."

"कढीपत्त्यालाही होते, सर. तो शिंकत नाही, पानं टाकतो."

साहेब टोपी थोडी वर सारून म्हणाले, "इन्स्पेक्शन उद्या सकाळी अकराला आहे. त्याच्या आधी काढणार असाल तर रात्री घाला."

"उन्हं आली की काढायचंच असतं, सर. दिवसा ऊन मिळालं नाही तर जमीन तापणार कशी?"

गोणपाट काखेत मारून मी विजयी मुद्रेने परतले, तर झाडाभोवती चारही घरच्या बायका. कुलकर्णी वहिनींच्या पदरात पानांचा ढीग. स्टूल धरून उभ्या होत्या खुद्द मालतीकाकू.

"काय चाललंय हे?"

"अगं, गळणारच आहेत ना? मग वाया कशाला घालवायची? वाळवून वाटून घेतोय."

"काकू, साहेबांनी त्याचं पांघरूण काढलं. तुम्ही तर अंगावरचे कपडेच काढताय."

"आज तरी गोड बोल गं," काकू म्हणाल्या आणि माझ्या हातावर तिळगूळ ठेवला.

"बोलेन. झाड जगलं की."

तिळगूळ तोंडात असतानाच मी त्यांना सांगितलं, की खराब दिसणारं पानसुद्धा खालच्या डोळ्याला आडोसा देतं. डोळा म्हणजे जिथून नवी पालवी फुटते ती जागा. वहिनी पुटपुटत स्टुलावरून उतरल्या. तोवर झाडाची एक बाजू उघडी पडली होती. त्या रात्रीपासून चार काठ्या रोवून वर गोणपाट टाकलं, पानांना न टेकेल असं. सकाळी ते काढायची पाळी चार घरांत लावून दिली.

फाल्गुनात पालवी फुटली. न तोडलेल्या बाजूला हिरवीगार. तोडलेल्या बाजूच्या फांद्या काळ्या पडून वाळल्या, त्या कापाव्या लागल्या. चार घरांना अर्धं झाड पुरवून वापरावं लागतंय. पण झाड आहे. पुढे दत्तसाहेबांनी त्यांच्या बंगल्यातल्या क्रोटनसाठी माझ्याकडे गोणपाटाची मागणी केली. ऑफिसात एखादी गोष्ट साहेबांना स्वतःला हवी झाली की ती गबाळी राहत नाही.

पुन्हा पौष तोंडावर आलाय. तुमच्या अंगावर स्वेटर चढला असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा, काठ्या रोवा आणि दिवस मावळायच्या आत दारच्या कढीपत्त्यावर गोणपाट टाका. सकाळी उन्हात काढा. आणि फाल्गुन येईपर्यंत त्याच्या एकाही पानाला हात लावू नका, फोडणीसाठीसुद्धा नाही.