नागम्माचं कागं

बहात्तरच्या दुष्काळात लातूरजवळच्या माळावर रोज आभाळ यायचं. "आभाळ आलं गं!" अशी हाक उठली की खडी फोडायच्या कामावरच्या बाया दचकून सावरायच्या, थांबलेले हातोडे पुन्हा पडू लागायचे. वर ढगाचा ठिपकाही नसायचा. पायवाटेनं छत्री घेऊन मुकादम सिद्धलिंग येत असायचा.

उदगीरच्या पलीकडून, कानडी मुलखातून आलेली नागम्मा पहिल्यांदा खरंच मान वर करून बघत राहिली होती. बाया पोट धरून हसल्या. पण त्यातलं मर्म कळलं, तेव्हा त्या ओसाड माळावर आपल्याला कुणीतरी घरात घेतलंय असं तिला वाटलं. झोपेतही तिला ते आभाळ दिसायचं. सावळं, छत्री धरलेलं.

मग एके दिवशी सिद्धलिंगच म्हणाला, "आभाळ आलं, बायांनो! लागा कामाला."

रोज कानावर पडणारा शब्द त्याला उमगला होता, एवढंच. पण तो नागम्माशी कानडीत बोलायचा, गावाकडची खुशाली विचारायचा. सगळ्यांचे डोळे तिच्याकडं वळले.

माळावरची रीत होती, परक्याला कळला की शब्द मेला. टोळीतल्या थोरल्या पंचफुलाबाईनं एक खडा उचलला, सगळ्यांवरून ओवाळला आणि ढिगात भिरकावला. "मेलं ते आभाळ." नवा शब्द कानोकान फिरला. नागम्मापाशी आला आणि तिला ओलांडून पुढं गेला.

"अक्का, मी न्हाई सांगितलं."

"आम्ही कुठं काय म्हणून राहिलो?" शेजारी खडी फोडणारी रुक्मिणबाई म्हणाली. "फोड की तुझी खडी."

त्यानंतर सगळं बोलणं तिला वळसा घालून जायचं. ती खडी फोडायची आणि त्या आवाजाशीच मनातल्या मनात कानडीत बोलायची.

एका दुपारी रुक्मिणबाई बाभळीखाली लेकराला पाजता पाजता पेंगली. बाकीच्या पाठमोऱ्या होत्या. टेकाडाआडून छत्री वर आली, ती एकट्या नागम्माला दिसली. बसलेल्या बाईची हजेरी सिद्धलिंग हमखास कापायचा. नागम्माकडं शब्दच नव्हता. जुना मेलेला, नवा कुणी दिला नव्हता. मग माहेरच्या खळ्यावरचं जे तोंडी आलं, तेच ती जीव खाऊन ओरडली, "कागे! कागे बंतु!"

पंचफुलाबाईला कानडी येत नव्हतं. पण हाकेतली घाई कळायला कानडी कशाला लागतं? तिनं रुक्मिणबाईला ढेकूळ मारलं. हातोडे सुरू झाले.

"कुठाय कावळा?" सिद्धलिंगनं कानडीत विचारलं.

"गेला," म्हणत नागम्मानं भाकरीच्या फडक्यावर हात हलवला.

दिवस मावळताना पंचफुलाबाई शेजारी येऊन टेकली. "काय गं ते, काय म्हणालीस?"

"कागे. कावळा."

"आमच्या तोंडात बसायचं न्हाई ते," असं म्हणत तिनं तो शब्द घोळवून बघितला. "कागं. कागं आलं!" दुसऱ्या दिवशी सगळा माळ तेच म्हणत होता.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. माघारी न गेलेली नागम्मा नव्या कचेरीबाहेर पेरू विकायला बसू लागली. एकदा पलीकडच्या पोरी ओरडल्या, "कागं आलं!" आणि भराभर टोपल्या उचलल्या. रस्ता मोकळा करायला नगरपालिकेची माणसं येत होती.

"मावशे, उठ की!"

"कागं म्हंजी काय गं?" नागम्मानं मुद्दाम विचारलं.

"आमची बोली हाय ती. तुला न्हाई कळायची. पळ आधी!"

"हाव गं बाई," म्हणत तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि पोरींच्या मागं पळत सुटली.