शालूताईंचं वाक्य

अमरावतीच्या एका मंडळानं आम्ही तरुणपणी केलेलं नाटक पुन्हा बसवायला घेतलंय, म्हणून मी कपाटातून जुनी संहिता काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट अकोल्याला, जठारपेठेतल्या तालमीत जाऊन बसले.

बंगल्यांतल्या मेजवान्या आणि त्यांच्याआड दडपलेली शरीराची भूक, असं ते नाटक. कित्येक वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता, कारण नायिका व्हायला बाईच मिळत नसे. आमच्या शाळेत शिकवणाऱ्या शालूताई तयार झाल्या. एका दुपारी मात्र त्यांच्या सासूबाई तालमीला येऊन बसल्या. आता नाटक बंद पडणार, असंच आम्ही धरून चाललो.

पाहुण्यांदेखत नवऱ्याला सुनावायचं वाक्य आलं. शालूताई थांबल्या. मी प्रॉम्प्टर, पण मलाही ते उच्चारवेना. मग त्यांनीच मान वर केली. "मला दागिने नकोत. मला तुमचा स्पर्श हवाय." आवाज अगदी हळू होता, पण एकही शब्द गळला नाही.

सासूबाई उठल्या. "हळू कावून बोलून रायली वं? मांगच्या खुर्चीले ऐकू गेलं पायजे!"

आम्ही सगळे हसलो. सासूबाईंचे यजमान वर्षानुवर्षं वरूडच्या संत्राबागेवर राहत आणि घरी फक्त सणापुरते येत, हे ठाऊक असूनही हसलो. आज त्यांच्या वयाची झाल्यावर त्या बाईपुढे मान लवते.

शालूताईंनी वाक्य पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. सासूबाई उभ्या राहून, डोळे मिटून ऐकत होत्या.