पोत्यावरची ओळ

कुरखेड्याजवळच्या त्या शाळेतून बदलून येऊन बरेच दिवस झाले, पण तिथल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

पोषण आहाराचा नवा तांदूळ आला होता. त्यात मधेमधे पिवळट, गुळगुळीत दाणे. खिचडी शिजवणाऱ्या बाई सुपात घेऊन ते वेचून फेकायच्या. "पलास्टिकचे होत, गुरुजी," म्हणायच्या. मी नुकताच प्रशिक्षण घेऊन आलेला, अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. त्यांच्यावर तडकलो. "बाई, हे प्लास्टिक नाही. यात लोह आहे, सरकारनं मुद्दाम घातलंय. पुन्हा फेकलं तर वर कळवीन!" वेचणं थांबलं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, चौथीला होती. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार होता. ती दोनदा खिचडी मागून घ्यायची आणि मला बरं वाटायचं.

मग एकदा वर्गाच्या फुटक्या खिडकीला रिकामं पोतं ठोकत होतो. तोंडात खिळे, आणि डोळ्यांसमोर इंग्रजीतली बारीक ओळ: सिकलसेलच्या रुग्णांनी हे लोहयुक्त अन्न खाऊ नये. कितीतरी महिने ती पोती आमच्याकडे येत होती, आणि अख्ख्या शाळेत इंग्रजी वाचणारा मी एकटा. स्वतःचा इतका राग आला की हातोडी फेकून दिली.

बाईंना सगळं सांगितलं, हात जोडले. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "आता मायी पोरगी का खाईन, ते सांगा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून तिच्यापुरता तांदूळ निवडून वेगळा शिजू लागला. दवाखान्यात विचारलं. एक डॉक्टर म्हणाले, टाळा. दुसरे म्हणाले, एवढ्यानं काही होत नाही. मुलीचे सांधे दुखले की माझी झोप उडायची.

पुढे नवी पोती आली. उतरवता उतरवताच मी ती चारी बाजूंनी पाहिली. ओळ नव्हती. चौकशी केली तर कळलं, नियम बदललाय, त्या सूचनेची गरज नाही असं ठरलंय. असेलही खरं. पण दाणे तेच होते आणि मुलगीही तीच.

"आता का लिवलं हाय जी?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही लिहिलेलं."

त्यांनी पोत्याकडे पाहिलं, मग अंगणात खेळणाऱ्या लेकीकडे. "मंग मायी पोरगी बरी झाली का जी, गुरुजी?"

मी सूप ओढून घेतलं आणि दाणे वेचायला बसलो.