आतडेसर

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आतडेसर स्वतःच्या पोटाविषयी काही सांगत होते आणि मी त्यांना मध्येच गप्प केलं. ही चूक माझी. ती आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहायचा मला हक्क नाही.

हे नाव त्यांना आम्हा मुलांनीच दिलं. सिल्वासाच्या मराठी शाळेत ते विज्ञान शिकवायचे. पचनाच्या धड्याला कपडे वाळत घालायची दोरी आणत आणि दारापासून मागच्या भिंतीपर्यंत धरायला लावत. "हे तुमचं लहान आतडं. सहा मीटर." मसाटच्या कारखान्यांत आलेल्या खानदेशी कामगारांची मुलं आम्ही. मी उठून विचारलं, "इतली लांब दोरी मना पोटमा कशी मावस, सर?" वर्ग हसला. सरांनी दोरी गोळा केली आणि माझ्या सदऱ्याखाली कोंबली. "मावली ना? बस आता."

एकदा त्यांनी प्रत्येकाला पोळीचा कोरडा तुकडा दिला. गोड लागेपर्यंत चावायचा, गिळायचा नाही. "साखर कुणी केली? तुमच्या लाळेनं. जठराला दात नाहीत रे, तोंडाचं काम त्याच्यावर ढकलू नका." मी आजही घास लवकर गिळला की दचकतो.

मलविसर्जनाचा भाग आला की आम्ही खिदळत असू. सर थांबत. "हसून झालं? शरीर रोज सकाळी एक चिठ्ठी पाठवतं. न वाचता पाणी ओतू नका."

पुढे मी फार्मसी शिकलो, सिल्वासातच डोकमर्डीत औषधांचं दुकान टाकलं. निवृत्त झालेले सर जवळच राहत. आले की गिऱ्हाइकांना सांगत, "हा माझा विद्यार्थी. आधी याला विचारा, मग डॉक्टरला." मला ते फार आवडायचं.

दोन महिने ते माझ्याकडून पित्ताच्या गोळ्या नेत होते. अशक्तपणा वाटतो म्हणाले, तेव्हा लोहाच्याही मीच दिल्या. त्या संध्याकाळी कारखान्यांची शिफ्ट सुटली होती, काउंटरवर रांग होती. "भैया, गॅसची गोळी दे ना जल्दी," मागून कुणीतरी ओरडत होतं. सर वर्गात बोलत तसे मोठ्यानं म्हणाले, "अरे, शौचाला काळं होतंय. डांबरासारखं, चिकट."

रांगेतला एक जण फिसकन हसला. मला लाज वाटली.

"सर, हळू. लोहाच्या गोळ्यांनी होतं तसं."

"ते ठाऊक आहे रे. पण गोळ्यांच्या आधीपासून..."

"काही नसतं ते. उगाच वापीला तपासण्या करत फिराल."

त्यांनी गोळ्या खिशात टाकल्या. "बरं बाबा. औषधांतलं तुला जास्त कळतं."

जठरात रक्त झिरपलं तर आम्लानं ते काळं पडतं आणि शौचावाटे तसंच डांबरासारखं बाहेर येतं, हे मला पाठ होतं. तरी मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो.

चार महिन्यांनी जठराचा कर्करोग निघाला, यकृतापर्यंत गेलेला. घास उतरेना, म्हणून लहान आतड्यात थेट नळी घातली. मी भेटायला गेलो तर सर नळीकडे बोट दाखवत म्हणाले, "जठर सुट्टीवर गेलं. आतडं एकटं ओढतंय बिचारं." मी हसलो. तीनदा गेलो, तिन्ही वेळा नळीतून द्यायच्या पावडरचे डबे ठेवून, चूक कबूल न करता परत आलो. सरांनीही त्या संध्याकाळचा विषय काढला नाही. विसरले होते की मला सांभाळत होते, ते आता कधीच कळणार नाही.

ते गेल्यावर आठवड्यानं सरांच्या पत्नीनं, काकूंनी बोलावलं. उरलेल्या औषधांची पिशवी पुढे केली. "कुणाला लागली तर दे. तुझ्यावर फार भरवसा रे त्यांचा."

पिशवीला हात लावणं मला जमेना.

"काकू, शौचाला काळं होतंय हे सरांनी मला दुकानात सांगितलं होतं. तुम्हाला कळायच्या चार महिने आधी. रांगेतलं कुणी हसलं म्हणून मी त्यांना बोलू दिलं नाही, तपासणीलाही जाऊ दिलं नाही. तेव्हा कळलं असतं तर वाचले असते का, मला सांगता येत नाही. पण ते चार महिने मी घालवले. त्यांच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही. माझं चुकलं, काकू. मला माफ करा."