खाटेखालची फरशी

मावशी उकिडवी बसून हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकत होती आणि घराची किंमत ठरवायला आलेला बँकेचा माणूस तिच्या डोक्याशी उभा होता. टक. टक. टक.

"ऐका नीट. आहे कुठे पोकळ?"

"अहो बाई, मी घर बघायला आलोय."

"मग बघा ना! 'फरशी जुनी' असं लिहून मोकळे झालात. जुनं म्हणजे वाईट होय? उद्या वडिलांचीही किंमत कमी लावाल!"

दारात टेकलेला मामा फिस्सकन हसला. मावशीचा धाकटा भाऊ. आजोबा गेल्यापासून त्याचा एकच धोशा, घर विका, माझा वाटा द्या. मावशीचंही एकच, विकणार नाही, गहाण टाकीन आणि तुझा वाटा तुझ्या हातावर ठेवीन. हेच घर आजोबांनी एकदा गहाण टाकलेलं. मावशीनं वीस वर्षं लोकांच्या घरी फरश्या बसवून ते सोडवलं. आता परत तेच? या वयात? सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं.

"गुडघे गेलेत माझे," ती म्हणायची, "अक्कल नाही."

पण किंमत कमी लागली असती तर कर्जही कमी मिळालं असतं, मामाचा वाटा भागला नसता आणि घर गेलंच असतं. म्हणून ठोकाठोक. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. सगळं भरीव. बँकेच्या माणसालाही चेव आला. त्यानं खाट सरकवली, दांडा मागून घेतला आणि स्वतःच ठोकलं.

डब.

"ही पोकळ आहे. कुणी बसवली?"

मामाचं हसू गेलं. तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

"मीच," मावशी म्हणाली. "शिकत होते तेव्हा. आख्ख्या घरात एक निघाली ना? लिहा की मग. आणि बाकीच्या भरीव आहेत, तेही लिहा!"

त्यानं 'जुनी' खोडलं, 'मजबूत' लिहिलं.

कर्ज पास झालं. गहाणखतावर मावशीनं इतकी दाबून सही केली की खालच्या कागदावरही उमटली. मामा वाटा घेऊन गेला. घर राहिलं.

ती फरशी मात्र तिनं कधी बदलली नाही. विचारलं की खेकसायची, "तुला काय करायचंय?"

पुढे मामानंच सांगितलं. ती फरशी त्यानं बसवली होती, अकरा वर्षांचा असताना, कुणाला न विचारता. आजोबा छिन्नी घेऊन उखडायला आले, तेव्हा मावशी तिच्यावर खाट ओढून वर बसली.

खाट तेव्हापासून तिथेच आहे.