एक्सचेंजमध्ये दिलेलं टेप मशीन

जुनी वस्तू दिल्याशिवाय नवी घेणं नमिता देवस्थळीला जमतच नसे. कुकर, मिक्सर, फ्रिज, सगळं एक्सचेंजमध्ये. ही सवय तिने नाशिकहून दोह्याला आणली आणि तिथल्या वेस्ट बे भागातल्या ऑफिसातही चालवली. नको तिथे शहाणपणा, दुसरं काय!

एका बांधकाम कंपनीचे सर्व्हर ती सांभाळायची. दिवसभराच्या कामाची नक्कल रात्री बॅकअप म्हणून टेपच्या कॅसेटवर उतरायची. पण काम वाढलं, एका टेपमध्ये मावेना. सकाळी लोक येऊन बसले तरी नक्कल चालूच, आणि सगळ्यांचे कॉम्प्युटर रखडलेले. मॅनेजर रहमानसाहेब रोज कुरकुरायचे. शेवटी तिने टेपची बरीच मशीनं पाहून सगळ्यात जास्त मावणारं निवडलं. विक्रेता अरुणकुमार एक्सचेंजचं काही बोलला नव्हता, हीच म्हणाली, "पुराना ले जाओ, और थोडा कम करो." तो हसत घेऊन गेला.

गुरुवारी सकाळी रहमानसाहेब दारात उभे. रास लफान बंदराजवळच्या एका जुन्या कामावरून वाद पेटला होता आणि त्याचे नकाशे शुक्र-शनिवारची सुट्टी संपताच रविवारी क्लायंटपुढे ठेवायचे होते. सर्व्हरवरून ते केव्हाच काढलेले. राहिले असतील तर जुन्या टेपवर.

"मिल जाएगा ना?"

"इन्शाल्ला," म्हणत तिने त्या कामाची जुनी टेप नव्या मशीनमध्ये घातली. मशीनने ती बाहेर ढकलली. पुन्हा घातली. पुन्हा बाहेर.

नवं मशीन फार जुन्या टेपा वाचत नाही, हे काय तिला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. निवडताना मात्र किती मावतं एवढंच पाहिलं, आणि जुनं घासाघीस करून आपल्या हाताने देऊन टाकलं.

थोडा वेळ लागेल असं सांगून तिने साहेबांना त्यांच्या खोलीत पाठवलं आणि अरुणकुमारला फोन लावला.

"वो तो गोदाम में होगा, मॅडम. या स्क्रॅपवाला ले गया होगा. संडे को देखते हैं."

"संडे नहीं, अभी. मैं आ रही हूँ."

"इतना प्यार था तो दिया क्यों?"

टॅक्सीतून तिने नवऱ्याला, अमेयला, फोनवर सांगितलं. त्याची नोकरी सुटल्यापासून घरादाराचं इथलं राहणं तिच्या एकटीच्या नोकरीवर होतं.

"अगं, साहेबांना सांगून टाक ना."

"आणि परतीची तिकिटं तू काढतोस?" ती खेकसली.

मशीन गोदामात मोडक्या प्रिंटरांखाली सापडलं, पुढचं झाकण गायब. ते मांडीवर घेऊनच ती परतली. आता लपवायला जागा नव्हती. तिने रहमानसाहेबांना सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं, ते नुसते तिच्या मागे येऊन उभे राहिले.

जुनं मशीन जोडल्यावर टेप आत गेली. घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. स्क्रीन कोरा. इतक्या वर्षांत तिने एकही टेप परत वाचून पाहिली नव्हती. सकाळी नक्कल झाल्याची हिरवी खूण दिसली की ही चहाला मोकळी. आत खरंच काय उतरलंय ते कोण बघतंय!

मग नकाशांची नावं एकेक करून उमटू लागली. साहेबांनी श्वास सोडला.

"खलास? हो गया?"

"नहीं, सर," नमिताने टेपांनी भरलेल्या कपाटाकडे बोट दाखवलं. "ये सब भी चेक करना पडेगा. तब तक पुराना मशीन कहीं नहीं जाएगा."

"और इनमें से कुछ नहीं खुला तो?"

तिने दुसरी टेप उचलली. जुन्या मशीनच्या खाचेत सरकवली आणि स्क्रीनकडे पाहू लागली.